अजून

उकिडवे मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला,
जणू मागच्या बाजूला सोपं नाव असेल.
"सहअर्जदार... एम, डब्ल्यू... हे म्हणायचं कसं?"
म्वांगा, मी म्हटलं. ओठ मिटून सुरू करायचं,
तोंडात गूळ असताना हुंकार भरतो तसं.
"मूळ गाव?"
टांगा.
झेरॉक्सजवळचा शिपाई हसला.
हसू दे. मीही हसले होते,
सासरचं गाव टांगा
आणि न्यायला आला होता सासऱ्यांचा ट्रक.

मॅडम वाईट नव्हत्या. पंखा माझ्याकडे वळवला.
वाशी, सेक्टर सतरा, दुपारचे पावणेदोन,
त्यांचा डबा टेबलाखाली थांबलेला.
तुमच्या एकटीच्या पगारात बसत नाही, म्हणाल्या,
दोघांच्या बसेल. पण ह्यांचं कार्ड आलेलं नाही.
कार्ड नाही तर नाव नाही,
नाव नाही तर पगार धरता येत नाही.
कार्ड कधी?
अजून आलं नाही.
मग अजून एक कागद लागेल.

आपल्याकडे एकच शब्द आहे बघा,
झालं नाही त्यालाही अजून,
पुरत नाही त्यालाही अजून.
बाराकाकडे पहिल्यासाठी वेगळा आहे, बाडो.
त्याची आई सांगते, लग्न झालं का, मूल झालं का,
असल्या प्रश्नांना नाही म्हणू नये,
बाडो म्हणावं. म्हणजे दार लोटलेलं राहतं,
कडी लागत नाही.

चौदा महिने झाले कार्डाच्या अर्जाला.
बेलापूरच्या खिडकीतली माणसं दोनदा बदलली.
मध्ये एक हवालदार चौकशीला आले घरी,
एकत्र राहतो का ते बघायला.
बाथरूममध्ये डोकावून दोन ब्रश मोजले,
पलंगाकडे बघायचं मात्र टाळलं बिचाऱ्यांनी.
बाराकानं विचारलं, चाय?
एवढ्या एका शब्दावर ते खुर्चीत सैल झाले,
स्वतःच्या मुलीचं जमत नाही म्हणून सांगत बसले.
अहवाल चांगला दिला म्हणे.
फोनवर तरीही रोज तेच: प्रक्रियेत.

"वडलांचं नाव घालू?" मॅडमनी विचारलं.
वडील एकसष्ट. नऊ वर्षांत फेडायचं,
हप्ता माझ्या पगाराच्या पुढे धावतो.
"मग भाऊ चालेल."
बँकेला चालेल.
केदार लग्नालाच आला नव्हता.

शेवटी पाचवा मजला सोडला,
करंजाड्याचा, स्वयंपाकघरातून कर्नाळ्याचा सुळका दिसणारा.
त्याच इमारतीत तळाला मागच्या अंगाला
एक खोली आणि ओटा, एवढं माझ्या एकटीच्या नावात बसलं.
एकवीस सह्या केल्या.
बाराका शेजारच्या खुर्चीवर, हात मांडीवर,
दार-एस-सलामच्या कंपनीचे हिशेब रात्रभर लिहून
डोळे लाल, आणि या कागदांत कुठेच नाही.

बाविसावा कागद कर्जविम्याचा.
"नॉमिनी कोणीही चालतो," मॅडम म्हणाल्या,
आणि यावेळी एम, डब्ल्यू न विचारता लिहिलं.
नातं: पती.
तिथे मला कळलं, मी मेले
की याला कार्ड लागणार नाही.
त्यानं रकान्यावर बोट ठेवलं.
"बीमा," म्हणाला, "आमच्याकडेही बीमाच."
खूश झाला होता, देवाशपथ,
गावचं माणूस भेटल्यासारखा.

मी गेल्यावर काय करशील घराचं?
रिक्षात विचारलं. जरा जोरातच.
तो पुलाखालच्या खाडीकडे बघत राहिला.
म्हणाला, आधी पडदे.

चावी मिळाली त्या संध्याकाळी
रिकाम्या खोलीच्या कडेकडेनं तो चालत होता,
पावलाला पाऊल लावून, मोठ्यानं मराठीत मोजत.
मी ओट्यावरचा चुन्याचा डाग नखानं काढत होते.
छत्तीस, सदतीस, अडतीस.
थांबला. पुढचा आकडा त्याला नेहमीच अडवतो.
एक पाय उचललेला, हात भिंतीवर.
"चाळीस," म्हणाला, "बाडो."